रात्रीची गाडी आणि लाख सरींचे नगर

थाई साहित्यात 'निरात' नावाचा एक जुना काव्यप्रकार आहे. प्रिय व्यक्तीपासून दूर निघालेला कवी वाटेतले एकेक गाव, वळण, देऊळ नाव घेऊन ओलांडतो आणि प्रत्येक नावात त्याला आपल्या विरहाचा काहीतरी धागा सापडतो. आपल्या वाचकांना येथे 'मेघदूत' आठवेल, आणि ते आठवणे अप्रस्तुत नाही. फरक एवढाच, की यक्ष जागीच राहतो आणि मार्गक्रमण ढग करतो. निरातमध्ये विरही माणूस स्वतःच वाटेवर असतो. या प्रकारातले एक प्राचीन काव्य 'निरात हरिपुंजय' होय. ते सोळाव्या शतकाच्या आरंभीचे मानले जाते. त्यात कवी चिआंग माईहून लांफुनला, म्हणजे जुन्या हरिपुंजय नगरीतल्या धातुचैत्याच्या दर्शनाला जातो. अंतर अवघे पंचवीस-सव्वीस किलोमीटरांचे. तेवढ्या वाटेवर एक दीर्घ काव्य उभे राहते, कारण कवीला घाई नाही आणि वाटेतले एकही नाव गाळायची त्याची तयारी नाही.

आजचा प्रवासी बँकॉकहून चिआंग माईला रात्रीच्या गाडीने जातो. अंतर ७५१ किलोमीटर, वेळ सुमारे तेरा तास. पाठीवरची पिशवी फळीवर ठेवावी, जेवण उरकावे, सेवकाने बिछाना घालून दिला की पडदा ओढून झोपी जावे आणि सकाळी डोळे उघडावेत तो डोंगर आणि ओली भातखाचरे. पंचवीस किलोमीटरांवर काव्य आणि साडेसातशे किलोमीटरांवर झोप, अशी ही विषम जोडी आहे. प्रस्तुत लेखात आम्हांला या झोपेविषयी काही म्हणायचे आहे. रात्रीच्या गाडीत जे अंतर आपण झोपून काढतो तेच या शहराच्या इतिहासाचे मुख्य द्रव्य आहे, आणि ते ठाऊक नसेल तर सकाळी जे शहर दिसते ते आपण अर्धेच पाहतो.

आम्ही गेलो ते ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात. लांब पल्ल्याच्या गाड्या जानेवारी २०२३ पासून हुआ लांफोंग या १९१६ च्या देखण्या, कमानदार स्थानकातून सुटत नाहीत. त्या शहराच्या उत्तरेकडील क्रुंग थेप अफिवात या नव्या, अवाढव्य स्थानकातून सुटतात. डब्यात आमच्यासारखेच पाठपिशवीवाले बरेच होते. १९७५ साली टोनी आणि मॉरीन व्हीलर यांचे आग्नेय आशियाविषयीचे काटकसरी मार्गदर्शक पुस्तक निघाले, आणि त्यानंतरच्या दोन पिढ्यांत ही रात्रीची गाडी या तरुण प्रवाशांच्या वहिवाटीचा भाग होऊन बसली. 'बँकॉक पाहिले, आता उत्तरेला जाऊ' हे वाक्य डब्यात दोन-तीन भाषांत कानांवर आले. 'उत्तर' या शब्दातच खरी मेख आहे. कुणाच्या उत्तरेला? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चिआंग माईतल्या माणसाला आपण कशाच्या तरी उत्तरेला राहतो असे वाटण्याचे फारसे कारण नव्हते.

राजा मंगराय याने हे नगर १२९६ साली वसवले. 'चिआंग माई' म्हणजे नवे नगर. ज्या राज्याची ही राजधानी त्याचे नाव लान्ना, म्हणजे दहा लाख भातखाचरे. वाट चिआंग मान या विहारात १५८१ चा एक शिलालेख आहे. त्यात नगराच्या स्थापनेचा दिवस आणि प्रहरही नोंदलेला आहे. लान्नाची भाषा निराळी, लिपी निराळी, वाटोळ्या वळणाची. १५५८ मध्ये हे राज्य ब्रह्मी सत्तेखाली गेले आणि दोनशेहून अधिक वर्षे त्या छायेत राहिले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थानिक सरदार काविल याने सयामच्या साहाय्याने ब्रह्मी सत्ता झुगारली. सततच्या लढायांनी शहर ओस पडले होते. १७९६ मध्ये काविलने ते पुन्हा वसवले, त्यासाठी आसपासच्या मुलखांतून माणसे धरूनही आणली. तेव्हापासून चिआंग माई बँकॉकचे मांडलिक झाले. परंतु मांडलिक म्हणजे प्रांत नव्हे. ठरावीक मुदतीने सोन्याचांदीची झाडे खंडणी म्हणून पाठवायची, बाकी कारभार आपला आपण करायचा, असे ते नाते होते. यापेक्षा जवळचे नाते राखणे दोन्ही बाजूंना शक्यही नव्हते. बँकॉकहून चिआंग माईला पोचायचे तर पिंग नदीतून प्रवाहाविरुद्ध होड्या न्याव्या लागत. उन्हाळ्यात पाणी उथळ, होड्या दगडांवरून ओढायच्या. पावसाळ्यात पाणी भरपूर, पण ओढ जबर. कित्येक आठवडे, कधी महिने, या वाटेवर जात.

त्या मानाने पश्चिमेची वाट जवळची होती. डोंगर ओलांडून साल्वीन नदी आणि तिथून ब्रह्मदेशातले मौलमीन बंदर. उत्तरेहून युन्नानच्या व्यापाऱ्यांचे खेचरांचे तांडे येत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिआंग माईच्या बाजारात सर्रास चालणारे नाणे सयामी नव्हते. ते होते ब्रिटिश हिंदुस्थानचा चांदीचा रुपया. हा रुपया मौलमीनमार्गे येत होता आणि त्याच्यामागे होते सागाचे लाकूड.

येथे या कथेचे एक टोक मुंबईला येऊन पोचते. 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' ही कंपनी १८६३ साली वॉलेस बंधूंनी मुंबईत स्थापन केली. आधी ब्रह्मदेशातले आणि पुढे उत्तर सयाममधले सागवान हा तिचा धंदा. झाडाच्या बुंध्याभोवतीची साल वर्तुळाकार कापून ते उभ्या उभ्या वाळू द्यायचे, मग तोडायचे, हत्तींकरवी ओढ्याच्या काठाशी आणून ठेवायचे आणि पावसाची वाट पाहायची. मोठा पाऊस आला की ओढे फुगत आणि ओंडके नदीला लागत. तोडलेल्या झाडाला बंदर गाठायला वर्षे लागत. रुळांच्या आधी या मुलखात जडवाहतुकीचे साधन कोणते होते, असे विचाराल तर उत्तर एका शब्दात देता येईल : पाऊस.

लाकडामागून तंटे आले. एकच जंगल दोघांना दिल्याच्या तक्रारी, ब्रिटिश प्रजाजनांचे दावे, सरहद्दीवरच्या लुटी यांचा निवाडा करण्यासाठी १८७४ मध्ये सयाम आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात करार झाला. चिआंग माईविषयीचा हा करार झाला कलकत्त्यात. १८८३ मध्ये दुसरा करार झाला आणि पाठोपाठ चिआंग माईत ब्रिटिश वकिलात आली. बँकॉकला यातून एक गोष्ट स्वच्छ दिसली. हे मांडलिक राज्य आपण आपल्या हाती घेतले नाही तर दुसरे कोणी घेईल. आणि दुसरे कोणी घेतल्यावर काय होते याचे उदाहरण शेजारीच घडले. १८८५ साली बॉम्बे बर्मा कंपनीला मंडालेच्या दरबाराने सागाच्या हिशेबावरून मोठा दंड ठोठावला. ते निमित्त करून इंग्रजांनी युद्ध पुकारले, आणि राजा थिबा पदच्युत झाला. १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवण्यात आले.

त्याच १८८६ साली या भूभागातून आणखी एक राजकुलीन व्यक्ती घर सोडून निघाली. चिआंग माईचा राजा इंद्रविजयानंद (थाई उच्चारात इन्थाविचायानोन) याची कन्या तारारश्मी, उच्चारात दारा रासामी, बँकॉकच्या राजवाड्यात दाखल झाली. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. पुढे ती राजा चुलालोंगकोर्नची राणी झाली. व्हिक्टोरिया राणी या मुलीला दत्तक घेऊ पाहते आहे अशी वावडी त्याआधी उठली होती असे सांगतात. ती खरी असो वा नसो, बँकॉकची घाई समजायला पुरेशी आहे. राजवाड्यात तारारश्मी आणि तिच्या सख्या आपले उत्तरी वळणाचे लुगडे नेसत, केसांचा अंबाडा घालत, आणि दरबारी स्त्रिया त्यांना 'लाओ बायका' म्हणत. एका राजाला बळाने हद्दपार केले गेले आणि एका राजकन्येला मानाने नेले गेले. दोन्ही प्रवासांची जात एक नव्हती. परंतु दोन्हींच्या मागे सागाची तीच जंगले आणि साम्राज्यांची तीच चढाओढ होती, हे विसरता येत नाही.

आता रुळांकडे येऊ. चिआंग माईला आगगाडी न्यावी ही कल्पना आधी बँकॉकची नव्हती. आर्चिबाल्ड कोल्हून आणि हॉल्ट हॅलेट या दोघा इंग्रजांनी १८८० च्या दशकात मौलमीनहून लान्नाच्या मुलखातून थेट चीनकडे जाणाऱ्या लोहमार्गाचा आग्रह धरला. हॅलेटने हत्तींवरून या भागाची पाहणी केली आणि १८९० मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. हा मार्ग झाला असता तर चिआंग माईचे तोंड कायमचे पश्चिमेकडे राहिले असते आणि आज तिथे जाणारा पाठपिशवीवाला मौलमीनहून 'पूर्वेला' गेला असता. लोहमार्ग कुठून सुरू होतो यावर त्याच्या दुसऱ्या टोकाचे नाव ठरते. बँकॉकने हे जाणले. १८९३ मध्ये फ्रेंच युद्धनौका चाओ फ्रायाच्या मुखातून थेट राजधानीपर्यंत आल्या आणि सयामला मेकाँगच्या पूर्वेचा मुलूख सोडावा लागला. त्यानंतर रेल्वे हा हौसेचा विषय राहिला नाही. १८९७ मध्ये बँकॉक ते अयुत्थया हा सरकारी लोहमार्गाचा पहिला टप्पा खुला झाला, १९०१ मध्ये रूळ लोपबुरीला आणि १९०५ मध्ये पाक नाम फोला, म्हणजे नाखोन सावनला पोचले. मधेच जुलै १९०२ मध्ये फ्रे येथे शान लोकांनी उठाव केला आणि शहर ताब्यात घेतले. तो मोडायला राजधानीहून सैन्य पाठवायचे तर बहुतेक वाट पायीच होती. या उठावाने उत्तरेच्या रुळांची निकड सिद्ध केली.

या मार्गाचे अभियंते मुख्यतः जर्मन होते, आणि हा योगायोग नव्हता. इंग्रज आणि फ्रेंच या दोन शेजाऱ्यांपैकी कुणाच्याही हाती रेल्वे द्यायची नाही असा त्यामागे विचार होता. रुळांच्या रुंदीतही तोच विचार दिसतो. उत्तरेचा मार्ग १,४३५ मिलिमीटर रुंदीचा बांधला गेला. शेजारच्या ब्रिटिश ब्रह्मदेशातला आणि मलायातला मार्ग मीटर गेजचा होता. पुढे राजपुत्र पुरछत्र यांच्या हाती रेल्वेचा कारभार आल्यावर सर्व मार्ग एकाच मीटर गेजवर आणले गेले आणि हे काम १९३० च्या सुमारास पुरे झाले.

लांपांग आणि लांफुन यांच्यामध्ये खुन तानचा डोंगर आडवा येतो. त्यातला १,३५२ मीटर लांबीचा बोगदा १९०७ ते १९१८ अशी अकरा वर्षे खणला जात होता. प्रमुख अभियंता एमिल आयझेनहोफर. राबणारे हात चिनी, शान, ईशान्येकडचे थाई. हिवताप आणि अफू यांनी त्यांतले कितीतरी खाल्ले. अभियंत्याचे स्मारक बोगद्याच्या तोंडाशी आहे. मजुरांच्या नावांची पाटी कुठे नाही, जशी ती आपल्या बोरघाटातही नाही. जुलै १९१७ मध्ये सयामने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले तेव्हा ज्यांनी बोगदा खणला ते अभियंतेच शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध झाले. काम सयामी अधिकाऱ्यांनी पुरे केले. १९१६ मध्ये गाडी लांपांगला पोचली होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रत्नागिरीत थिबाचा अंत झाला. १९२१-२२ च्या हिवाळ्यात रूळ चिआंग माईला लागले.

रात्रीची गाडी हा बोगदा पहाटेच्या सुमारास ओलांडते. खुन तान हे समुद्रसपाटीपासून ५७८ मीटरांवरचे, थायलंडमधले सर्वांत उंच स्थानक. आमच्या डब्यात तेव्हा सगळे पडदे ओढलेले होते.

गाडीने काय आणले याचा हिशेब एकाच बाजूने मांडणे न्याय्य होणार नाही. भाताला बाजार मिळाला, मीठ-कापड स्वस्त झाले, आठवड्यांचा प्रवास दीड-दोन दिवसांवर आला. खुद्द तारारश्मीचे उदाहरण बोलके आहे. १९०९ मध्ये ती तेवीस वर्षांनी माहेरी आली तेव्हा पाक नाम फोपर्यंत गाडीने आणि तेथून होडीने असा तिचा प्रवास जवळपास दोन महिने चालला होता. त्या भेटीत तिने आपल्या घराण्यातल्या पूर्वजांचे अस्थिअवशेष एकत्र करून वाट सुआन दोक येथे त्यांच्या समाध्या उभारवल्या. चुलालोंगकोर्नच्या मृत्यूनंतर १९१४ मध्ये ती कायमची परतली आणि १९३३ पर्यंत चिआंग माईतच राहून तिने उत्तरेकडचे नृत्य, संगीत, विणकाम यांना आधार दिला. १९२७ मध्ये राजा प्रजाधिपोक चिआंग माईला आला. चक्री घराण्यातला राज्यारूढ राजा तिथे येण्याची ती पहिलीच वेळ, आणि तो आला गाडीने. म्हणजे बँकॉकचा राजा आणि चिआंग माईची राजकन्या या दोघांसाठी ती वाट सुकर झाली होती.

पण याच वाटेने दुसऱ्याही गोष्टी आल्या. १९२१ मध्ये सयामात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. शाळेची भाषा बँकॉकची, लिपी बँकॉकची. विहारांत ताडपत्रांवर आणि कागदांवर जी लान्ना लिपी शतकानुशतके लिहिली जात होती ती एक-दोन पिढ्यांतच वाचता न येणारी झाली. साहित्याच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. मोडी लिपी शाळांतून गेल्यावर कागदांच्या केवढ्या ढिगाऱ्यापुढे आपण निरक्षर झालो हे आपल्याला ठाऊक आहे. मोडीच्या जागी आली ती मात्र आपलीच दुसरी लिपी होती. १९०२ च्या संघविषयक कायद्याने उत्तरेचे भिक्षूही राजधानीच्या शिस्तीखाली आणले. ती शिस्त न जुमानणारा लोकप्रिय भिक्षू ख्रुबा श्रीविजय (उच्चारात सिविचाय) याला चौकशीसाठी बँकॉकला नेण्यात आले, एकदा नव्हे, दोनदा. याच भिक्षूच्या शब्दाखातर हजारो लोकांनी नोव्हेंबर १९३४ ते एप्रिल १९३५ या अवघ्या काही महिन्यांत दोइ सुतेप डोंगरावरच्या देवळापर्यंत रस्ता केला. पिंग नदी उलटी वाहीपर्यंत मी चिआंग माईत पाऊल ठेवणार नाही, असे तो अखेरीस म्हणाल्याची आख्यायिका आहे. १९३९ मध्ये चिआंग माईचा शेवटचा अधिपती काएव नवरात वारला आणि ती गादीच रद्द झाली. 'नवरात' म्हणजे नवराष्ट्र. नव्या राष्ट्रात ज्याचे राज्य विरघळले त्याचे नाव हे असावे, यावर अधिक काही बोलायची आवश्यकता नाही. पिंगवरच्या मुख्य पुलाला आज त्याचे नाव आहे.

सकाळी आम्ही उतरलो तेव्हा पाऊस चालू होता आणि पुढचे पाच दिवस तो थोडा थांबून पुन्हा येतच राहिला. चिआंग माईचा वार्षिक पाऊस अकराशे-बाराशे मिलिमीटरांचा, कोकणच्या निम्माही नाही. पण तो मे ते ऑक्टोबर या महिन्यांत एकवटलेला असतो आणि हे नगर त्या पावसाला धरूनच आखले आहे. मंगरायची आधीची राजधानी विआंग कुम काम पिंगच्या काठी होती. तिथे वारंवार पूर येई. म्हणून त्याने पश्चिमेला, दोइ सुतेपच्या पायथ्याकडच्या किंचित चढाच्या जमिनीवर नवे नगर मांडले. जुनी राजधानी पुढे पुरांच्या गाळाखाली इतकी गाडली गेली की १९८४ मध्ये उत्खनन सुरू झाले तेव्हा कुठे तिचे चौथरे दिसू लागले. आज ते चौथरे भोवतीच्या जमिनीच्या पातळीखाली, खड्ड्यांत उभे आहेत. आम्ही पाहिले तेव्हा त्यांच्यात पावसाचे पाणी साचले होते. शहराने जे टाळण्यासाठी जागा बदलली तेच तिथे अजून रोज घडत होते.

नवे नगर म्हणजे दीड किलोमीटरांहून थोडी अधिक बाजू असलेला चौकोन, भोवती खंदक, पाच दरवाजे. डोंगरावरचे पाणी वायव्येच्या कोपऱ्यातून आत येई. त्या बुरुजाला आजही 'हुआ लिन', म्हणजे पन्हळीचे मुख, असे म्हणतात. नकाशा घेऊन फिरणाऱ्या प्रवाशाला खंदक ही सोयीची खूण वाटते. पावसात भिजत त्याच्या कडेने चाललो तेव्हा आमच्या ध्यानात आले की ही सगळी रचना एका उताराची आहे : पश्चिमेचा डोंगर, कोपऱ्यातले मुख, खंदक आणि पूर्वेची नदी. हे नगर पूर्व-पश्चिम वाचायचे आहे. स्थानकावरून येणारा त्याला नेहमी दक्षिणोत्तर वाचतो.

नगराच्या मध्याशी वाट चेदी लुआंगचा स्तूप आहे, १५४५ च्या भूकंपात शिखर गमावलेला. त्याच्या आवारात नगराचा रक्षकस्तंभ आहे. काविलने तो १८०० साली तिथे आणला. त्याचे नाव 'इन्थाखिन', म्हणजे इंद्रकील. पावसाळ्याच्या तोंडाशी त्याचा उत्सव असतो, तेव्हा एका बुद्धमूर्तीची मिरवणूक निघते आणि पावसाची प्रार्थना होते. त्या मूर्तीचे नाव 'फ्रा चाओ फोन सेन हा' : लाख सरींचा बुद्ध.

अशा नावांपाशी आमच्यासारख्या वाचकाची परीक्षा असते. इंद्रकील, तारारश्मी, श्रीविजय, हरिपुंजय ही नावे ऐकली की 'हे तर आपलेच' असे ओठांवर येते. १९२६ साली कलकत्त्यात 'ग्रेटर इंडिया सोसायटी' स्थापन झाली आणि तेव्हापासून आग्नेय आशियाकडे आपल्या संस्कृतीची वसाहत म्हणून पाहण्याची एक रीतच पडली. आपल्या प्रवासवर्णनांतही ती डोकावते. पण हे शब्द पाली, मोन, ख्मेर अशा मुखांतून फिरून, उच्चार बदलून, नव्या अर्थाने तिथे रुजले आहेत. आणि 'हे तर आपलेच' हे वाक्य लान्नाने याआधी एकदा ऐकले आहे. रुळांवरून आलेल्या राजधानीनेही त्याला हेच सांगितले होते. ज्याला आपले म्हटले त्याची भाषा शाळेत शिकवण्याची गरज उरत नाही. आपलेपणाचा हा धोका ओळखून चालणे हेच परक्या शहरातले शहाणपण असावे असे आम्हांला वाटते.

साम्य शोधायचेच तर ते नावांपेक्षा पावसात शोधावे. आषाढी पौर्णिमेनंतर थायलंडमध्ये 'फान्सा' सुरू होतो. हा शब्द 'वर्षा'चा, आणि ही प्रथा म्हणजे वर्षावास. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूने हिंडू नये, एका विहारात राहावे. हिंडताना कोवळी रोपे आणि जीवजंतू पायदळी येतात, असे त्याचे कारण विनयग्रंथ देतात. कार्ले-भाजे येथील लेण्यांतही भिक्षू असेच पावसाळाभर राहत. ही प्रथा ना बँकॉकने चिआंग माईला दिली, ना आज कुणी तिच्यावर मालकी सांगू शकतो. प्रवास थांबवून एका ठिकाणाला वेळ देणे एवढेच तिचे सार आहे.

आणि पाऊस प्रवाशाला नेमके हेच करायला लावतो. डोंगरावरचा रस्ता धुक्याने बंद, पायवाटा निसरड्या, म्हणून पाठपिशवीवाला देवळाच्या पडवीत तासभर बसतो. त्या तासात त्याला पाटीवरची दुसरी, वाटोळी लिपी दिसते आणि ही कोणती असे तो विचारतो. रात्रीच्या गाडीने जो प्रश्न झोपेत काढून घेतलेला असतो तो असा परत मिळतो. मात्र पावसाला केवळ रम्य करून टाकणेही बरोबर नाही. ऑक्टोबर २०२४ च्या आरंभी नवरात पुलापाशी पिंगची पातळी पाच मीटरांच्या वर गेली आणि खालच्या वस्त्यांत घरे बुडाली. शतकभर सागाची जंगले तोडली गेली. देशभर वृक्षतोडीवर बंदी आली ती १९८९ मध्ये, दक्षिणेतल्या भीषण पुरानंतर. मुंबईच्या हिशेबवहीत ज्याचा नफा जमा झाला त्या व्यवहाराच्या मुलखात आज पाणी चढते तेव्हा ते आपल्याला अगदीच परके नसते.

निरातचा कवी ठिकाणांची नावे घेत जातो, कारण नाव घेतल्यावाचून ठिकाण ओलांडले तर विरहाचे माप कळत नाही. अंतर हेच त्याच्या दुःखाचे एकक असते. इतिहासालाही हे लागू पडावे. बँकॉक ते चिआंग माई या अंतराला एके काळी एका राज्याची स्वायत्तता पुरत होती. ते तेरा तासांचे झाले तेव्हा ती संपली. पाक नाम फो, फित्सनुलोक, उत्तरदित, लांपांग, खुन तान ही नावे रात्री ओळीने मागे पडतात. ज्यांना जमेल त्यांनी एकदा दिवसाच्या गाडीने जावे, तीही आहे. ज्यांना थायलंडला जाणे जमणार नाही त्यांच्यासाठी या इतिहासाचे दुसरे टोक रत्नागिरीत आहे. थिबाचा राजवाडा तिथे खाडीकडे तोंड करून उभा आहे, आणि पावसाळ्यात तिथल्या सज्जातून समुद्राकडून येणारी सर लांबूनच दिसते.